आजोबांवर गेलेली पोर

“सोमवारे कोठेच जानं नही,” हेमराज म्हणाला आणि त्याने ताटातच हात धुतले.

त्याची बायको वर्षा अशी गप्प बसणारी नव्हती. सोमवारी डॉक्टरीणबाई त्यांच्या लेकीला, मयुरीला, शेवटचं तपासून ऑटिझम आहे की नाही ते पक्कं सांगणार होत्या. सात वर्षांची मयुरी वर्गात कान दाबून बसायची. शाळेतल्या बाईंनी काही विचारलं की भिंतीकडे बघायची. बाईंना तो उर्मटपणा वाटायचा, आणि पोर वळ घेऊन घरी यायची.

“नाव समजनं तं शाळामा तिले मारतीन नही,” वर्षा म्हणाली.

“आनि शिक्का बसना तं? उद्या सोयरीक कोन करी?”

हेमराजची भीती खोटी नव्हती. नवागामच्या त्यांच्या गल्लीत निम्मे लोक धुळ्याकडून कामासाठी आलेले. इथे कुणी शिंकलं तरी तिकडे गावाला कळायचं. मयुरी दाराशी बसून सगळ्यांच्या चपला लहान-मोठ्या अशा लावत होती. तिच्या कानावर यातलं काही जात होतं की नाही, देव जाणे.

मग हेमराजने हुकमाचा पत्ता टाकला. “मन्हा बाप बी आसाच व्हता. काय आडनं त्यासनं?”

कोपऱ्यात मेथी निवडणारी त्याची आई, भागीरथी, ते ऐकून हसली. तिच्या नवऱ्याला, निंबाला, जाऊन चार वर्षं झाली होती, पण त्याचा विषय निघाला की घर अजून उजळायचं. जन्मभर भेस्तानच्या एकाच कापड कारखान्यात त्याने लूम चालवले. त्या खडखडाटात तो खुशाल असायचा, आणि गावाकडे लग्नाचा बाजा वाजला की मात्र शेतात पळायचा. ताट बदललं तर उपाशी झोपायचा. गल्लीत पाणी तुंबलं तरी रोजचाच रस्ता धरायचा, मग गुडघाभर भिजून यायचा. हेमराजने बापाच्या लग्नाची गोष्ट काढली. बाजा सहन होईना म्हणून नवरदेव घोड्यावरून उतरला आणि मागच्या गल्लीने एकटाच मंडपात पोहोचला. वऱ्हाडी मोकळ्या घोड्यापुढे नाचत राहिले!

वर्षालाही हसू आवरेना. सासऱ्यांवर तिचा जीव होता. असा माणूस बिननावाचा सुखाने जगला, संसार केला, मग पोरीच्या मागे हे लचांड कशाला, असं तिलाही घडीभर वाटून गेलं. हेमराज जिंकल्यासारखा उठला आणि भिंतीला टेकून बसला.

भागीरथीचं हसू थांबलं होतं. पदराने डोळे पुसले तरी ते पुन्हा भरत होते.

“वर्षा,” ती म्हणाली, “मयुरी तोंडकडे देखत नही. ते माया नही म्हनीसन का?”

“नही, आत्या. माया रहास. डोयामा देखनं तिले जड जास, आसं डॉक्टरीणबाई म्हने.”

भागीरथीने मेथीची जुडी बाजूला ठेवली आणि लेकाकडे वळली.

“लई जा तिले सोमवारे डॉक्टरीणबाईकडे. अंतरपाट सरकना तरी तुन्हा बापनी मन्हाकडे देखं नही, आनि मंग कधीच देखं नही. जलमभर माले वाटे, मी त्यासले आवडत नही.”