बावीस डबे

बावीसच्या बावीस पाकिटं रिकामी होती. निशिगंधा कपाटासमोर फतकल मारून बसली.

"आजी, यातलं कुठंय?"

"पेरलं," केसरबाई म्हणाली. महिनाभर पोटात दाबून ठेवलेली खुशी आता ओठांवर मावत नव्हती.

"काय पेरलं?"

"बी. शेणात घोळून ठेवलं होतंस ना? गावाकडं आम्ही सरकी अशीच घोळायचो. तू जाऊन बसलीस जंगलात, इकडं मृग सरत आला. बी कपाटात ठेवून त्याला काय बाळसं येणार होतं?"

निशिगंधा वन्यजीव संवर्धनात एमएस्सी करत होती. हैदराबाद शहरातलं उदमांजर काय खातं, हा तिचा प्रबंध. त्यासाठी चार महिने तिनं बरकतपुऱ्यापासून कुकटपल्लीपर्यंत लोकांच्या गच्च्या आणि भिंती पालथ्या घातल्या होत्या, आणि मग नमुने कपाटात ठेवून महिनाभर जंगलातल्या शिबिराला गेली होती. आता कुठल्याही क्षणी तिच्या मार्गदर्शक अनुराधा मॅडम नमुने न्यायला मलकपेठच्या या घरी येणार होत्या. नमुने नाहीत तर प्रबंध नाही. प्रबंध नाही तर वर्ष गेलं.

"आजी, ते शेण नव्हतं. उदमांजराची विष्ठा होती."

केसरबाईनं आपले दोन्ही हात उलटेसुलटे करून बघितले. मग हुंगले.

"तरीच. आपल्या बैलाचा वास असा नव्हता."

निशिगंधाला रडू फुटलं, मध्येच हसू आलं, आणि दोन्हींची गाठ पडून उचकी लागली. आजीनं पाणी दिलं. "नक्को गं रडू. वर चल तर खरी."

"मला काही बघायचं नाही."

तेवढ्यात बेल वाजली. दार केसरबाईनंच उघडलं.

"जयभीम, बाई. पोरीला काही बोलू नका. चूक माझी आहे. वर गच्चीत ठेवलीय, चला दाखवते."

निशिगंधाही नाइलाजानं मागोमाग चढली. गच्चीत दह्याचे बावीस डबे ओळीनं मांडले होते. पंधरा डब्यांत हिरवे कोंब होते. प्रत्येक डब्यात कुल्फीची एक काडी खोचलेली, आणि काडीवर वाकडं, ठसठशीत अक्षर. सात, बरकतपुरा. अकरा, कुकटपल्ली.

"या चिठ्ठ्या कुणी लावल्या?" मॅडमनी विचारलं.

"मीच. पाकिटांवरून उतरवून घेतलं. ज्याचं त्याच्या डब्यात."

केसरबाईनं तीस वर्षं नर्सरीत काम केलं होतं. तिथला नियम एकच, चिठ्ठीशिवाय बी मातीत जात नाही. चिठ्ठी लिहायचा मुन्शी. केसरबाई ती फक्त मातीत खोचायची, कारण तिला अक्षर येत नव्हतं. गेल्या वर्षी नातीनं शिकवलं. आजीचा सराव व्हावा म्हणून निशिगंधा घरात सगळं मराठीत लिहायची, पाकिटंसुद्धा. तिचं स्वतःचं मराठीही कच्चंच. अक्षर दोघींचं सारखंच वाकडं.

मॅडम डब्यांजवळून फिरत होत्या. "या सातांत काहीच उगवलं नाही. हे का ठेवलेत?"

"न उगवलेलंही ठेवायचं असतं, बाई. नाहीतर उगवलेलं खोटं वाटतं."

कडक इस्त्रीच्या साडीनिशी मॅडमनी जमिनीवर गुडघे टेकले. एकेक डबा डोळ्यांजवळ नेला.

"उंबर," त्या म्हणाल्या. "आणि ही पपई. निशिगंधा, उदमांजर काय खातं एवढंच तू लिहिणार होतीस. ते गावभर काय लावत फिरतं, ते इथं उगवलंय."

निशिगंधाची उचकी थांबली. तिनं आजीला कमरेला धरून उचललं आणि डब्यांमधून गरगर फिरवलं. केसरबाई वरून ओरडत राहिली, "अगं, चौदा नंबर. चौदावर पाय देशील."

मॅडमनी वहीत रकाने आखले. क्रमांक, ठिकाण, तारीख. शेवटच्या रकान्यावर त्यांनी लिहिलं, 'पेरणी कुणी केली', आणि पेन पुढं केला. "हे तुम्हीच लिहा, केसरबाई."

तीस वर्षांत हजारो रोपं लावली, पण एकाही चिठ्ठीवर तिचं नाव नव्हतं. तिनं पेन खुरप्यासारखा धरला. जीभ दातांत आली. बराच वेळ लिहून झाल्यावर तिनं वही लांब धरून बघितली, आणि समाधानानं परत दिली.

निशिगंधानं वाकून वाचलं.

'उदमांजर. त्याच्या हाताखाली केसरबाई.'