अर्धं सांगून झालं होतं
लातूरची स्वरूपा दिल्लीजवळ मानेसरच्या कारखान्यात कामाला होती. सुपरवायझरने तिच्यावर बलात्कार केला, त्याला वर्ष होत आलं होतं. दर रविवारी दोन ऑटो बदलून गुरुग्रामच्या समुपदेशन केंद्रात यायची. चार महिने तिथल्या समुपदेशक रेवतीताईंसमोर नुसती बसून राहिली. मागच्या रविवारी पहिल्यांदाच बोलली, तेही अर्धंच, मराठीतून. आज रेवतीताईंनी सांगितलं, “पुढच्या आठवड्यापासून हे केंद्र बंद होतंय गं. दिल्लीतल्या एका मॅडमचा नंबर लिहून देते. चांगल्या आहेत.” “त्यांना मराठी येतं?” “नाही. हिंदीत बोलावं लागेल.” “आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून?” रेवतीताईंनी मान डोलावून नंबराची चिठ्ठी तिच्या हातात दिली. स्वरूपाने चिठ्ठीवरचा नंबर वाचला. मग चिठ्ठी टेबलावर ठेवून म्हणाली, “ताई, नको. माझ्या फाइलमध्ये लिहा, मी बरी झाले.” रेवतीताई ‘थांब’ म्हणाल्या आणि चिठ्ठी पुन्हा तिच्यापुढे सरकवली.