बाराच्या गटातली शेवटची

बारा वर्षांच्या गटात ती चिमुरडी पोहण्याच्या प्रत्येक शर्यतीत शेवटची यायची. बाकीच्या मुलींच्या ती जेमतेम खांद्याला लागायची. शेवटी प्रशिक्षकांनी तिच्या आईला तलावाशेजारच्या ऑफिसात बोलावून घेतलं.

“जन्मतारीख नक्की बरोबर आहे ना, ताई? ही पोरगी दहाच्या वर वाटत नाही. दहाच्या गटात पहिली येईल, लिहून देतो.”

आईने बराच वेळ पर्सच्या चेनशी चाळा केला. मग आतून घडी घातलेला दुसरा जन्मदाखला काढून टेबलावर ठेवला. त्यावर नाव वेगळं होतं आणि जन्मतारखेवरून वय दहा वर्षं.

“हा हिचा. तुमच्याकडे आहे तो माझ्या मोठीचा. ती तीन वर्षांची असताना तापाने गेली. हिला शाळेत घालताना मी मोठीचंच नाव लावलं. रोज हजेरीत कुणीतरी तिचं नाव घ्यावं, एवढंच वाटत होतं.”

प्रशिक्षकांनी दोन्ही दाखले शेजारी शेजारी ठेवले. “पण यात हिच्यावर अन्याय होतोय हो,” ते हळूच म्हणाले.

“कळतंय मला. बदला आता. हिच्या नावाने पोहू दे हिला.”

अर्जावरचं नाव खोडायला त्यांनी पेन उचललं, तेवढ्यात दारात ओल्या केसांनी उभी असलेली मुलगी घाबरून पुढे आली.

 

“सर, मग मोठ्या गटात माझी ताई एकटीच पोहणार?”