दुरुस्तीची सोय

"एक छोटीशी सोय ठेव," मुख्याध्यापक म्हणाले आणि दारात कोणी नाही ना, हे पाहून घेतलं.

"कसली सोय, सर?" खटपटीने पडद्यावरची नजर न काढताच विचारलं. ही नववीतली मुलगी. तिचं खरं नाव हजेरीपुरतं उरलं होतं. घंटा बसली, पंखा रुसला, संगणक मुका झाला की सगळी शाळा 'खटपट, खटपट' अशा हाका मारायची. विद्यार्थी प्रतिनिधीच्या निवडणुकीसाठी मतदानाचा प्रोग्रामही तिनेच लिहिला होता.

"दुरुस्तीची सोय गं. निकाल चुकला, तर नीट करता यायला हवा."

"निकाल कसा चुकेल? मतं तर नुसती मोजायचीत."

"चुकतो कधी कधी."

"मग चुकला हे कळणार कसं?"

"मला कळेल," सर म्हणाले आणि सरळच असलेल्या खुर्च्या सरळ करू लागले.

संस्थेचे अध्यक्ष उद्या निवडणूक बघायला येणार होते. बघायला म्हणजे ठरवायला. ही संगणकाची खोली त्यांच्या डोळ्यांत खुपत होती. 'पोरं टकटक करतात आणि वीज जळते, त्यापेक्षा तिथे बैठकीची खोली करू,' असं ते परवाच बोलून गेले होते. सरांचा मात्र त्या खोलीवर जीव. तिथली जुनी यंत्रं त्यांनी दारोदार हिंडून जमवलेली. स्वतः शिकवायचे मराठी, टाइप करायचे एका बोटाने. पण मुलांची दहाही बोटं कीबोर्डवर पाखरांसारखी उतरली की त्यांचं काळीज सुपाएवढं व्हायचं.

आणि उमेदवारांमध्ये अध्यक्षांचा नातू होता. नातू जिंकला की आजोबा खूश, आजोबा खूश की खोली शाबूत. हिशेब इतका सरळ होता की सरांना तो वाकडा वाटेचना.

दुसऱ्या दिवशी मुलं रांगेने आत आली, बटण दाबून बाहेर गेली. प्रत्येक जण राज्य चालवून आल्यासारखा चालत होता. मग सगळे दाटीवाटीने खोलीत बसले. अध्यक्ष पुढच्या खुर्चीत, दोन्ही हात काठीवर. भिंतीवर प्रकाशाचा चौकोन पडला आणि त्यात निकाल उमटला.

मुंगी जिंकली.

मुंगी म्हणजे सातवीतली बारकी पोरगी. लहानांचा हात पोचेल अशा उंचीवर पाण्याचा नळ बसवून घेईन, एवढंच ती भाषणात म्हणाली होती. नातवाने रोज अर्धी सुट्टी कबूल केली होती. मुलांनी त्याला भरपूर टाळ्या दिल्या होत्या आणि मतं मुंगीला.

अध्यक्षांच्या चेहऱ्यावरून काही कळेना. टाळ्यांच्या गलक्यात सर हळूच आपल्या टेबलाशी गेले. तिथल्या संगणकाच्या पडद्यावर, कोपऱ्यात लाल बटण होतं. दुरुस्ती. सरांनी दाबलं.

टाळ्या थांबल्या. भिंतीवर, सगळ्यांच्या देखत, मोठी अक्षरं उमटली होती.

दुरुस्ती करणार: मुख्याध्यापक. कारण:

आणि पुढे एक रेघ लुकलुकत होती.

"हे काय?" सरांनी ओठातल्या ओठात विचारलं.

खटपटीला वाटलं, शाबासकीच मिळतेय. तिने खणखणीत आवाजात सांगितलं, "तुमच्यासारखंच केलं, सर! तुम्ही आमच्या निबंधातली एक वेलांटी बदलली तरी बाजूला कारण लिहिता, खाली सही करता. ज्याचं लिहिलेलं आपण खोडतो, त्याला का खोडलं ते कळायला हवं, असं तुम्हीच म्हणता ना?"

"लिहा की मग, सर," अध्यक्ष म्हणाले. "आम्हालाही कळू दे."

यंत्र अडकलं म्हणता आलं असतं. बोट चुकून लागलं म्हणता आलं असतं. सबबी सगळ्या हाताशी होत्या, एकेक करून पुढे येत होत्या. पण रेघ लुकलुकत होती आणि मुलं वाट बघत होती. नातूसुद्धा. मुंगीने तर श्वासच धरून ठेवला होता.

सरांनी एक बोट उचललं. एकेक अक्षर शोधत, चाचपडत त्यांनी भिंतीवर दोन शब्द उमटवले.

मोह झाला

खाली त्यांनी आपलं नाव लिहिलं. मग 'रद्द करा' शोधून दाबणार, तोच खटपट म्हणाली, "सर, पूर्णविराम राहिला."

खोलीभर हसू फुटलं. सरांनी आज्ञाधारकपणे पूर्णविराम दिला, दुरुस्ती रद्द केली आणि मुंगीचं नाव पुन्हा भिंतीवर आलं. मुंगीने धरलेला श्वास सोडला. पहिली टाळी नातवाची होती.

अध्यक्ष काठी टेकत उठले. सर त्यांच्या मागोमाग दारापर्यंत गेले. "साहेब, ही खोली..."

"राहू दे खोली," अध्यक्ष म्हणाले.

खटपटीने जागच्या जागी उडीच मारली. आनंदाच्या भरात तिला कुणाशी काय बोलावं याचं भान राहिलं नाही. "आजोबा, तुमच्या संस्थेच्या निवडणुकीलाही असंच यंत्र लावून देऊ?"

सरांनी डोळे मिटून घेतले.

अध्यक्ष उंबऱ्यात थांबले. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, पण मिशीखाली हसू होतं.

"दे की, पोरी. पण आधी मला टाइप करायला शिकव. माझ्या आजवरच्या सगळ्या निवडणुकांची कारणं लिहायची राहिलीत."