गस्तीचे बारा गडी

“जाळला?” दिग्विजय मटकन खाटेवर बसला. “आबा, त्यो कागद जाळला तुमी?”

“मग? जपून ठिवायचा हुता व्हय?” महिपती आबांनी तळहातावरची तंबाखू मळायची थांबवली. “तूच म्हनलास, कुनाच्या नदरंला पडू दिऊ नगा. आमी पलटणीत बिनतारीवालं. असला कागद हातात आला की पाठ करायचा आन् काडी लावायची. तसंच केलं.”

आता काय बोलणार कपाळ! नातवानं घरातला सगळ्यात कमी बोलणारा माणूस बघून तो कागद दिला होता, आणि आबांनी हुकूम समजून तो पाळला होता. कागदावर इंग्रजी बारा शब्द होते. दिग्विजयनं चार वर्षं पगारातून चिमूट चिमूट टाकून बिटकॉइन घेतलं होतं. ते डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही. होतं ते मोबाइलात, आणि मोबाइल काल शेततळ्यात पडून गार झाला. नव्या मोबाइलवर ते परत आणायचं तर तेच बारा शब्द, त्याच क्रमानं हवेत. एक चुकला तरी राम राम. आणि भिगवणला हायवेवर मासळीच्या हॉटेलासाठी जागा ठरलेली; संध्याकाळपर्यंत इसार दिला नाही तर ती दुसऱ्याला जाणार.

“रोज रॉकेटचं चित्र दावायचा त्या बिटकॉइनवाल्यांच्या ग्रुपवरलं,” रतन आजी चुलीपासून म्हणाली. “चंद्रावर चाललंय म्हनं. चंद्रावर निघालं आन् कन्हेरीच्या शेततळ्यात बुडालं!”

“आज्जे, तू गप बस की!” दिग्विजयचा आवाज रडवेला झाला, तशी म्हातारी चुलीकडं वळली.

आबा उठले. धोतराचा सोगा खोचला आणि अंगणात, दावणीजवळ जाऊन उभे राहिले. “पाठ केल्यात म्हनलं न्हवं. पर शबूद नुसतं ऱ्हात न्हाईत डोक्यात. मी ते मानसांच्या हातात दिल्यात. घे ल्हून.”

माणसं म्हणजे एकाहत्तरच्या लढाईतली. पूर्वेच्या सरहद्दीवर भाताच्या खाचरांतून एका पहाटे बारा जणांची गस्त निघाली होती, एकामागं एक. आबांनी ती रांग अंगणात उभी केली आणि पुढच्या टोकापासून चालायला लागले. “ह्यो सावळाराम. धनगराचा. त्याच्याकडं शेळी दिली. गोट. ल्हिलंस?” एक पाऊल पुढं. “ह्यो संभाजी. कांदा फोडल्याबिगर घास उतरायचा न्हाय गड्याला. अनियन.” पुढचे शब्द इथे सांगत नाही, असले शब्द गावभर करायचे नसतात. पण माणसं सांगायला हरकत नाही. एक होता तो घरून आलेलं पत्र दुसऱ्याकडून वाचून घ्यायचा आणि बायकोचं नाव आलं की कान झाकायचा. एक रात्री झोपेत बैलांना हाका मारायचा. आबा प्रत्येकापुढं थांबत होते, कुणाची कॉलर नीट करावी तसा हात हलवत होते, आणि त्यांचा चेहरा वीस वर्षांच्या पोरासारखा उजळला होता. दिग्विजय लिहायचा विसरून बघतच राहिला.

अकरा झाले. आबा आणखी एक पाऊल पुढं गेले आणि थबकले.

“हितं कोन हुतं?”

दिग्विजयनं वहीवरून मान वर केली. आबा मागं गेले, पहिल्यापासून पुन्हा आले. पुन्हा अकरा. तिसऱ्यांदाही अकराच. “बारा गेल्तो. बाराच गेल्तो आमी,” ते पुटपुटले, आणि त्यांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. “पोराचं वाटोळं केलं रं मी.”

दिग्विजय वही ठेवून उठला. आजोबाला असं कधी पाहिलंच नव्हतं त्यानं. हॉटेल, इसार सगळं बाजूला पडलं. त्यानं आबांचा हात धरला. “जाऊ द्या, आबा. ऱ्हाऊ द्या. पर एक सांगा, तुमी कुठं चालत हुता?”

“मी?” आबांनी त्याच्याकडं पाहिलं. “मी समद्यांच्या मागं. पाठीवर यंत्र घिऊन.” आणि एकदम त्यांनी कपाळावर हात मारला. “आरं तिच्या! ह्यो तर मीच!” पन्नास वर्षं रोज ती नावं घेतली माणसानं, पण स्वतःचं कधी घेतलंच नव्हतं.

स्वतःच्याच हातात दिलेला बारावा शब्द आला. दिग्विजयनं एकेक अक्षर नव्या मोबाइलात घातलं. क्षणभर गोल चक्र फिरलं, आणि मग त्यानं अशी आरोळी ठोकली की दावणीची गाय दचकून उभी राहिली. “आलं! आबा, समदं हाय तसं आलं!” रतन आजीनं चुलीपासूनच देवाला हात जोडले आणि चहात जास्तीची साखर टाकली.

आबा मात्र रांगेच्या टोकाला तसेच ताठ उभे होते, हात मांड्यांना लावून.

“चला की आबा, च्या झालाय.”

“रांग हुबी हाय अजून. ‘विसर्जन’ म्हनल्याबिगर मोडत न्हाय ती.”

“मग म्हना की.”

आबांनी छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं. त्यांनी पुन्हा एकदा त्या मोकळ्या अंगणावरून नजर फिरवली.

“दिगू, आमी सात जन घरला आलो,” ते हळूच म्हणाले. “त्या पाचास्नी कुठं जावा म्हनू रं?”