वापराची तारीख

“टपालाने, दुसऱ्या राज्यातून काही मागवलं होतं का गेल्या वर्षी?” व्हर्लीनने मान वर न करता विचारलं आणि उत्तराआधीच रकान्यात शून्य लिहून टाकलं. केंटकीत हा प्रश्न असाच विचारतात. नदीपलीकडचा दुकानदार माल धाडतो, पण आपल्या राज्याचा कर घेत नाही. तो ज्याने वस्तू वापरली त्याने आपण होऊन भरायचा असतो, आणि कुणीही भरत नाही.

“काही नाही,” लेम्युएल क्रचर म्हणाला.

“मागवलं होतं,” त्याची बायको अर्झेला म्हणाली.

धुलाईच्या दुकानामागच्या खोलीत व्हर्लीन मार्चभर साऱ्या गावाची कराची विवरणपत्रं भरून देई. नवरा-बायकोचा एकच कागद, खाली दोघांची सही. आता तिने मान वर केली. अर्झेलाचा चर्चला घालायचा कोट तिच्या अंगावर खुंटीला टांगावा तसा लोंबत होता. डॉक्टरांनी तिला उन्हाळ्यापर्यंतचंच आयुष्य सांगितलंय, हे गावात कुणाला माहीत नव्हतं असं नाही.

लेम्युएल घाईघाईने सांगू लागला की हिचं मनावर घेऊ नकोस, भाजीचं बियाणं मागवलं होतं थोडं, बस्स. सगळं गाव शून्य लिहितं. पाळकही लिहीत असतील.

“पाळकांचं पाळक बघतील,” अर्झेला म्हणाली. “रविवारी त्यांनी खोट्या मापावरचं प्रवचन रंगात येऊन गायला घेतलं, तेव्हा उभं राहून टाळ्या कोण पिटत होतं, मिस्टर क्रचर? ही माझी शेवटची सही आहे. ती मी खोट्याखाली करणार नाही.”

मग तिनेच सांगितलं. शवपेटी. नदीपलीकडे इंडियानातल्या कारखान्यातून, त्यांच्या मालाच्या चित्रांच्या पुस्तकात बघून मागवलेली. गावातला अंत्यविधीवाला दुप्पट मागत होता. अक्रोडी रंगाची आहे, आतून फिकट निळी. गॅरेजमध्ये ठेवलीय.

व्हर्लीनने शून्य खोडलं. हळूच किंमत विचारली.

लेम्युएलने आपला रुंद पंजा कागदावर ठेवला. कर वापरलेल्या वस्तूवर असतो ना, तो म्हणाला, मग ही वापरलेली नाही. कोरी आहे. मे महिन्यात लुइव्हिलच्या इस्पितळात हिला नवं औषध सुरू करणार आहेत. त्याने गुण आला तर पेटी लागायचीच नाही, तो स्वतः गाडीत घालून परत देऊन येईल. मग न लागलेल्या वस्तूचं सरकारी कागदावर नाव कशाला घालायचं?

भिंतीपलीकडे कपडे वाळवायचं यंत्र घरघरत होतं.

“नुसती घरात ठेवली तरी धरतात, ब्रदर क्रचर,” व्हर्लीन शेवटी म्हणाली. तिने त्याचा पंजा बाजूला केला नाही, कडेकडेने लिहीत राहिली. एका ओळीपाशी अडली. राज्यात वस्तूचा पहिला वापर कधी झाला, ते विचारलं होतं. “इथे मी पेटी घरी आली तो दिवस घालते.”

“ती दहा डिसेंबरला आली,” अर्झेला म्हणाली. “तू बारा घाल.”

लेम्युएलने तिच्याकडे पाहिलं.

“बाराला तुम्ही गाण्याच्या तालमीला गेला होता. मी पेटीत झोपून बघितलं.” तिने कोट खांद्यावर सारखा केला. “खांद्यांना जरा अरुंद आहे. पण तोवर मी अजून वाळेन.”