डावखुरी रेघ

खोटं वाटलं तर वाटू द्या, माझ्या थापांना घरात तसाही भाव नाही.

बायको गेल्यावर हाताला चाळा म्हणून तिचे ब्रशपेन काढले आणि अक्षरं गिरवू लागलो. आधी अक्षरं मांडायची आणि शब्द पुरा झाला की मगच वर शिरोरेघ ओढायची, ही तिचीच शिस्त.

एकदा शब्द अर्धवट ठेवून चहा टाकायला उठलो. परत येतो तर वर रेघ ओढलेली.

“बाबा, रेघ उलटी का ओढलीत?” मुलीने विचारलं.

ब्रशपेनची रेघ सुरुवातीला जाड आणि शेवटी निमुळती होते. ही उजवीकडे जाड होती.

“तू ओढलीस ना?”

“माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. उगाच आळ घेऊ नका.”

घरात डावखुरी एकटी तिची आईच होती.

तेव्हापासून मी शब्द बिनरेघेचे ठेवतो आणि शहाण्यासारखा खिडकीपाशी जाऊन उभा राहतो. रेघ येते, पण उत्तर म्हणून एक अक्षर येत नाही. जन्मभर जिच्यापुढे मला बोलायची संधी मिळाली नाही, तिने असं गप्प बसावं?

आज दुपारी लिहिलं, ‘भेटायचंय’. या वेळी जागचा उठलो नाही.

शब्द तसाच उघडा राहिला. माझ्या मनगटावर मात्र काहीतरी गार टेकलं. उजवीकडून एक जाड, ओली रेघ निघाली आणि सावकाश डावीकडे सरकू लागली.

मी हात हलवला नाही. रेघ वाकडी झालेली तिला खपत नसे.